बटण दाबले की अंधार!

गणपतीचे दिवस होते. आरतीपूर्वी मुलाने नव्या ॲम्प्लिफायरचे बटण दाबले आणि ‘खट्’ आवाज होऊन दिवाणखाना अंधारात गेला. एमसीबी वर केला, पुन्हा बटण दाबले, तर गाणे सुरू! दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘खट्’. शेजारच्या काकांनी तोडगा सांगितला, ‘‘अहो, दहाचा काढा, बत्तीसचा टाका. कटकट मिटेल.’’ मीही जवळजवळ हो म्हणालो होतो.

पण मंडळी, एमसीबी ॲम्प्लिफायरची राखण करत नाही. तो भिंतीतल्या तारांची राखण करतो. आमच्या तारा दहा अँपियरच्या हिशेबाने घातलेल्या. बत्तीसचा एमसीबी गप्प बसेल आणि तार भिंतीत तापत राहील. पूर्वी फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळायची खोड होती, तिचाच हा नवा अवतार!

मग एमसीबी पडतो का? मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये बांगडीसारखा गोल, जड ट्रान्सफॉर्मर असतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. तिचा दाब नेमका शून्यावर असताना बटण दाबले गेले, तर ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरतो आणि क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज खेचली जाते. त्यातच आतले रिकामे कपॅसिटरही भरू लागतात. क्षण चुकला की ‘खट्’, साधला की गाणे! ‘बी’ प्रकारचा दहाचा एमसीबी ३० ते ५० अँपियरच्या दरम्यानच्या झटक्याला तत्काळ पडतो. ‘सी’ प्रकारचा ५० ते १०० च्या दरम्यान.

म्हणून आधी पाहा, कधी पडतो? बटण दाबताक्षणी, अधूनमधून पडत असेल, तर बहुधा हा सुरुवातीचा झटका. दर वेळी लगेच पडत असेल, तर आत शॉर्ट असण्याची शंका घ्या. पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, दुरुस्तीला द्या. काही वेळाने पडत असेल, तर त्याच लाइनवर इस्त्री किंवा हीटर आहे का ते बघा. एमसीबीऐवजी आरसीसीबी पडत असेल, तर वीज जमिनीकडे गळते आहे. घरगुती आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपियरचा असतो. तो आपला जीव वाचवायला बसवलेला आहे. स्पीकरमधली घरघर थांबवायला काही जण प्लगची अर्थिंगची जाड पिन काढतात. तसे कधीही करू नका. बिघाड झाला तर ॲम्प्लिफायरच्या पत्र्यातच वीज उतरेल.

आमच्याकडे वायरमनने तारा व अर्थिंग तपासून दहाचाच, पण ‘सी’ प्रकारचा एमसीबी बसवला. दुरुस्तीवाल्याने ॲम्प्लिफायरमध्ये सॉफ्ट स्टार्टचे छोटे सर्किट जोडले. बटण दाबल्यावर ते क्षणभर विजेला आवर घालते, मग वाट मोकळी करते.

आता आरती वेळेवर सुरू होते. एमसीबी अजून दहाचाच आहे, आणि काकांना त्याचे कारणही पटले आहे.