जुन्या जीपच्या ब्रेकची गळती

१९४१ ते १९४५ या युद्धकाळांतील विलीस जीप, अथवा त्याच धर्तीची मागाहून बनलेली जीप, कांहीं शेतकरी बंधूंच्या वाड्यांत अद्यापि चालू स्थितींत आढळते. तिच्या ब्रेकचें तेल वरचेवर कमी होऊं लागलें, तर पुष्कळजण नुसतें तेल भरून वेळ मारून नेतात. आम्हींही एका सुगींत तेंच केलें, आणि पोत्यांनीं भरलेली गाडी उतारावर असतां पाय थेट तळाला टेकला. हातब्रेक व पहिला गिअर यांनीं निभावलें. तेल भरणें ही दुरुस्ती नव्हे, हें त्या दिवशीं पुरतें उमगलें.

या गाडींत मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या तेलावर दाब घालतो व तो दाब एकाच नळीवाटे निघून चारही चाकांस पोहोंचतो. पाटाचें तोंडच फुटलें म्हणजे सर्व वाफे कोरडे राहतात, तसाच हा प्रकार आहे.

परीक्षा सोपी आहे. पायडल मिनिटभर दाबून धरावें. तें हळूहळू खालीं जात असेल, आणि नळ्या व चाकांच्या आंतील बाजू कोरड्या असतील, तर दोष मास्टर सिलिंडरचा समजावा. पायडलखालीं त्याच्या दांड्याकडील रबरी टोपण ओलें असल्यास संशयच नको.

सिलिंडर उतरवून खोलावा. आंतील भिंतीवर बारीक ओरखडे असल्यास अतिबारीक पॉलिशकागदानें घासावे. खोल खड्डे असल्यास सिलिंडरच नवा घ्यावा. रबरी वाट्या मात्र सर्व नव्या घालाव्या. भाग ब्रेकच्या ताज्या तेलानेंच धुवावे व त्यानेंच ओले करून बसवावे. रॉकेल किंवा इंजिनचें तेल लागल्यास रबर फुगतें व काम फुकट जातें. डब्यावर ‘डॉट ३’ अशी खूण पाहून तेल घ्यावें.

पायडलास अर्धा इंच मोकळी चाल ठेवावी. ती नसल्यास दट्ट्या पुरता मागें येत नाहीं व ब्रेक धरून राहून तापतात. शेवटीं सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून एकेका चाकांतील हवा काढावी. एकानें पायडल दाबावें, दुसऱ्यानें चाकावरील तोटी सैल करावी, आणि पाय उचलण्यापूर्वीं ती आवळावी. बुडबुडे थांबेपर्यंत हें चालवावें व टाकींतील तेल संपूं देऊं नये.

पहिली चाचणी सपाट रानांत, रिकाम्या गाडीनें घ्यावी. बैल बिथरला तर वेसण हातीं असते. गाडीला ब्रेकवांचून दुसरी वेसण नाहीं.