तेंदूच्या हंगामातला ल्युपस
ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडांवर उलटते. दर 10 रुग्णांत सुमारे 9 स्त्रिया असतात, त्याही बहुतेक ऐन कामाच्या वयातल्या. उन्हाने आजार भडकतो, म्हणून ‘उन्हात जाऊ नका’ हा पहिला सल्ला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तो एकटा कुचकामी आहे. कडक उन्हाचे दिवस हेच तेंदूपानांचे दिवस, आणि घरात रोख पैसा येतो तोही तेव्हाच. इथे रुग्णाचे जगणे गोळ्यांइतकेच कामाच्या वाटणीवर अवलंबून राहते: पाने तोडायला इतरांनी जावे, सावलीत बसून पुडके तिने बांधावेत. थकवा डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे घरच्यांना हे लाड वाटतात. खरे तर हा उपचाराचाच भाग आहे.

मलेरिया आणि सिकलसेलने गांजलेल्या भागात या विरळ आजाराची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. पण ताप, अंगदुखी, रक्तक्षय ही लक्षणे तिन्हींत आढळतात, म्हणूनच ल्युपस इथे सहज दडून राहू शकतो. लघवीतील प्रथिने दाखवणारी साधी पट्टी आणि रक्तदाबाची नोंद यांना मोठे रुग्णालय लागत नाही. मूत्रपिंड मात्र न दुखताच बिघडत जाते. मुख्य औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियावरच्या क्लोरोक्विनचे भावंड. ठरलेले दिवस संपले की गोळी बंद, हा मलेरियाचा हिशेब इथे घातक ठरतो. ती वर्षानुवर्षे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गरोदरपणातही घ्यायची असते, आणि अधूनमधून डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा लागतो.