ओसरी राहू दिली

आमच्या मूलला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. जुन्या कवेलूच्या घरामागे आम्ही स्लॅबची खोली बांधली. पीओपी केले, मोठी काच बसवली. पाहुणे कौतुक करायचे. अम्मी मात्र रात्री उशी घेऊन पुढच्या ओसरीत झोपायला यायच्या. कारण साधे आहे. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री खोलीत सोडतो. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वरच्या वर निघून जाते.

यंदा ओसरी पाडून हॉल वाढवायचा बेत होता. तो सोडला. फुटके कवेलू बदलले, गच्चीला चुना लावला, पश्चिमेच्या उन्हासाठी बुरडाकडून बांबूचा पडदा विणून आणला. बांबू तर आपल्याच रानातला. चंद्रपूर रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे.

आता संध्याकाळचा चहा ओसरीतच होतो. मुले गृहपाठ घेऊन बसतात, अम्मी तांदूळ निवडतात. घर सजवण्याआधी एवढेच विचारा : मे महिन्यात दुपारी तीन वाजता घरातले वडीलधारे इथे बसू शकतील का?