लेखागणिक मोल कीं महिन्याची वर्गणी?

वर्तमानपत्र वाचावयाचें तर त्याचें मोल दिलें पाहिजे, हें वडील पिढीस सांगावें लागत नसे. कोणी सुटा अंक विकत घेई, कोणी वर्षाची वर्गणी भरीत असे. इंटरनेटवर मात्र आरंभीं बहुतेक मजकूर फुकट मिळूं लागला. जाहिरातींच्या उत्पन्नावर लेखक-संपादकांचें भागेल ही आशा पुष्कळ ठिकाणीं फोल ठरली, आणि वाचकापासून पैसे घ्यावयाचे ते लेखागणिक कीं महिन्यागणिक, हा प्रश्न उभा राहिला.

लेखागणिक पैसे घेणें प्रथमदर्शनीं फार न्याय्य दिसतें. ज्यानें एकच लेख वाचला त्यानें सबंध पत्राचा भार कां सोसावा? हॉलंड देशांत २०१४ सालीं 'ब्लेंडल' नांवाच्या संस्थेनें हाच मार्ग धरिला. निरनिराळ्या पत्रांतील लेख तिनें एके ठिकाणीं मांडून सुटे विकले. लेख न आवडल्यास पैसे परत! न्यूयॉर्क टाइम्सनेंही तींत भांडवल घातलें. परंतु २०१९ सालीं ब्लेंडलनें ही सुटी विक्री सोडून वर्गणीचाच आश्रय केला.

असें कां व्हावें? पैसा थोडा असला तरी विचार थोडा लागत नाहीं. लेख घेण्याजोगा आहे कीं नाहीं, हें न वाचतां कळणार कसें? असा निर्णय दिवसांतून वीस वेळां करण्यापेक्षां महिन्यांतून एकदांच करून मोकळें होणें वाचकास बरें वाटतें. हा मनाचा खर्च निक सॅबो यांनीं विसाव्या शतकाच्या अखेरीसच दाखवून दिला होता. भारतांत २०१६ पासून यूपीआयमुळें एक रुपयाही सहज पाठवितां येतो. हा दुसरा खर्च मात्र तेवढ्यानें टळत नाहीं.

शिवाय सुट्या विक्रींत बहुधा मथळाच विकला जातो. महिनोगणती कागदपत्रें तपासणाऱ्या वार्ताहराचें पोट एका लेखाच्या विक्रीवर कसें भरावें? म्हणून आमचा कल वर्गणीकडे आहे.

तथापि निबंधासाठीं एकच लेख हवा असलेल्या विद्यार्थ्यानें काय करावें? न्यूयॉर्क टाइम्सनें २०११ सालीं महिन्यास वीस लेख फुकट ठेवून पुढें वर्गणी मागितली. तो आकडा पुढें कमी झाला. तेव्हां शाळेच्या वाचनालयानें सर्वांसाठीं एक वर्गणी भरणें हा जुनाच उपाय आम्हांस अधिक भरंवशाचा वाटतो. घरीं वर्गणी भरणाऱ्या पालकांनीं मात्र ती आपोआप पुढें चालू राहते काय, हें आधीं पाहून घ्यावें. वाचन थांबलें तरी पैसे कापले जाणें थांबत नाहीं.