माश्या बांधणारी माणसे

'माश्या मारणे' हा काही आपल्याकडे प्रतिष्ठेचा उद्योग समजला जात नाही. पण माश्या बांधणे नावाचा एक उद्योग जगात आहे, आणि त्यापायी चांगली शहाणीसुरती माणसे हिवाळ्याच्या रात्री दिव्याखाली मान मोडेपर्यंत बसतात, हे ऐकल्यावर घरातली वडीलधारी मंडळीसुद्धा हातातले वर्तमानपत्र क्षणभर खाली ठेवतील.

ही माशी अर्थात खरी नव्हे. गव्हाच्या दाण्याएवढ्या पोलादी गळावर दोरा, पिसे आणि लोकर गुंडाळून केलेली ती नक्कल असते. ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. त्याच्या खाण्यात मेफ्लाय नावाच्या कीटकाचा वाटा मोठा. हा कीटक आपले बहुतेक आयुष्य पाण्याच्या तळाशी काढतो आणि पंख फुटून वर आला की एक-दोन दिवसांत संपतो. पंख फुटल्यावर त्याला खाण्याजोगे तोंडही राहत नाही! असल्या घटकेच्या पाहुण्याचे सोंग वठवण्यासाठी माणसाने किती शतके घालवावीत? 1496 साली लंडनजवळ छापलेल्या गळ-मासेमारीच्या एका इंग्रजी पुस्तकात अशा बारा माश्यांची कृती दिलेली आहे, म्हणजे पाचशे वर्षे तर सहज झाली.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट अमेरिकेतली, न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला असलेल्या कॅट्स्किल डोंगरांतली. तिथे थिओडोर गॉर्डन (1854–1915) नावाचा एक प्रकृतीने नाजूक, एकलकोंडा गृहस्थ नेव्हरसिंक नदीच्या काठी राहत असे. पाण्यावर तरंगणाऱ्या माश्यांचा त्या काळचा मोठा अधिकारी म्हणजे इंग्लंडातला फ्रेडरिक हॅल्फर्ड. गॉर्डनने त्याला पत्र घातले आणि 1890 साली हॅल्फर्डने उत्तराबरोबर आपल्या माश्यांचे नमुनेच धाडून दिले. मात्र इंग्लंडातल्या संथ, नितळ ओढ्यांसाठी बेतलेली माशी कॅट्स्किलच्या खळाळत्या पाण्यात टिकेना, आणि तिथले किडेही वेगळे. तेव्हा गॉर्डनने तिथल्या पाण्याला आणि तिथल्या किड्यांना शोभेल अशी माशी घडवली. 'क्विल गॉर्डन' या नावाने ती आजही बांधली जाते.

ती बांधतात कशी, ते पाहण्यासारखे आहे. गळ एका छोट्या व्हाइसमध्ये घट्ट आवळायचा. त्यावर रेशमी दोऱ्याचे पातळ अस्तर द्यायचे. शेपटीला कोंबड्याच्या पिसाचे चार-सहा ताठ तंतू. अंगासाठी लागते ते मात्र आपल्या ओळखीचे : मोरपीस! पिसाच्या डोळ्यातला एक तंतू घ्यायचा, नखाने किंवा खोडरबराने त्यावरची लव खरवडून काढायची. आत फिकट-गडद अशा दुरंगी कडेची काडी निघते. ती गळावर शेजारी शेजारी वेढे देत गुंडाळली की किड्याच्या पोटावरच्या वळ्या हुबेहूब उमटतात. पंखांना वुड डक नावाच्या बदकाच्या कुशीवरचे पिवळसर पीस. शेवटी कोंबड्याच्या मानेवरचे पीस उभे गुंडाळायचे, म्हणजे त्याचे तंतू चहूकडे ताठ उभे राहतात आणि त्या टोकांवर माशी पाण्यावर तरंगते. मग नेढ्यापाशी गाठ आणि वर लाखेचा एक थेंब.

नवशिक्याची फजिती होते ती याच शेवटच्या ठिकाणी. अंग, पंख, मान करता करता तो नेढ्यापर्यंत येऊन भिडतो, आणि डोके बांधायला जागाच उरत नाही. पाहुण्यांना वाढता वाढता शेवटच्या पंगतीला श्रीखंड संपावे, तशातला प्रकार! हे पुस्तकात वाचून समजते. पण हात ऐकतो तो शेजारी बसलेल्या माणसाने तिसऱ्याच वेढ्याला "थांब, मागे सर" म्हटले तरच.

आणि नेमके ते म्हणणारे माणूसच एके काळी मिळत नसे. गॉर्डनच्या पश्चात त्या भागात माशी बांधण्यात ज्याचे नाव झाले तो रूब क्रॉस. माशी विकून पोट भरणारा हा धिप्पाड गडी. 1920 च्या दशकाच्या अखेरीस रॉस्को गावच्या वॉल्ट डेट या तरुणाने त्याला विनवले की, मला ही विद्या शिकव. क्रॉसने साफ नकार दिला. आपल्याकडे वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. या वस्तादाने सगळेच डाव राखून ठेवले. मला क्रॉसचा राग येत नाही. ज्या विद्येवर चूल पेटते ती शेजारच्या गावातल्या पोराच्या हाती कोण देईल?

मग डेटने काय करावे? त्याने क्रॉसच्याच माश्या विकत घेतल्या. त्याची बायको विनी आणि मित्र हॅरी डार्बी यांच्यासह त्या एकेक वेढा उलटा सोडवत उसवून पाहिल्या! कुठला दोरा आधी, कुठले पीस नंतर, पंख कोणत्या बाजूने बसवला, हे सारे त्या मेलेल्या माशीनेच त्यांना सांगितले. आपल्या आया-मावश्यांना यात नवल वाटणार नाही. अंगाला नीट बसलेले जुने पोलके उसवून त्याच्या तुकड्यांवरून नवे बेतण्याची विद्या घरोघरी याच वाटेने गेली आहे. शिंपी कुठे शिकवायला आला होता?

मौज पुढेच आहे. 1936 साली खुद्द क्रॉसनेच माश्या बांधण्याच्या कृतीचे पुस्तक छापले. इकडे डेट दांपत्य आणि डार्बी दांपत्य यांनी कॅट्स्किल माशीचे नाव सर्वदूर नेले. डेटांचे दुकान त्यांची मुलगी मेरी हिने आणि नंतर पुढच्या पिढीने सांभाळले. हॅरी डार्बीला मनासारखे निळसर राखी पीस बाजारात मिळेना, म्हणून त्याने स्वतःच कोंबडे पाळून त्यांची जात जोपासली. आणि हे कष्टाचे धन त्याने कुलपात ठेवले नाही. त्याने दिलेल्या अंड्यांतून मिनेसोटातल्या अँडी मायनरने आपले कोंबडे वाढवले, आणि तो वंश पुढे पिसांसाठी कोंबडे पाळणाऱ्या इतरांच्या खुराड्यांत पोहोचला.

सगळेच हौशी इतके उदार नसतात. या छंदाची दुसरी शाखा सॅमन माशासाठीच्या भडक माश्यांची. सॅमन समुद्रातून नदीत चढू लागला की जवळजवळ काही खात नाही; तेव्हा या माश्या कोणत्याच किड्याची नक्कल नसतात, केवळ रंगांची उधळण. जॉर्ज केल्सनच्या 1895 सालच्या पुस्तकातल्या कृती वाचाव्यात तर जगभरच्या पाखरांची यादी. तीत आपल्या सह्याद्रीतला रानकोंबडाही आहे. त्याच्या मानेच्या पिसांवर लाखेचा थेंब वाळावा तसा टणक, चकचकीत ठिपका असतो आणि तो माशीच्या अंगावर डोळ्यासारखा बसवतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पाखराला अभय आहे. विलायतेत पिसांसाठी ते पिंजऱ्यात वाढवतात. पण दूरच्या रानातल्या दुर्मीळ पाखरांचे काय? जून 2009 मध्ये एडविन रिस्ट नावाच्या विशीतल्या अमेरिकन बासरीवादकाने इंग्लंडातल्या ट्रिंग येथील संग्रहालयाची खिडकी फोडून 299 पक्ष्यांची कातडी पळवली. काही तर आल्फ्रेड वॉलेसने दीडशे वर्षांपूर्वी मलाय द्वीपसमूहात फिरून जमवलेली. पिसे हौशी मंडळींत विकली गेली. रिस्ट 2010 मध्ये सापडला आणि 2011 मध्ये त्याला बारा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. अखंड परत मिळाली ती 174 कातडी, आणि त्यांतल्या 102 वरच चिठ्ठी शाबूत. पक्षी कुठे, केव्हा मिळाला हे सांगणारी ती चिठ्ठी गेली की अभ्यासकाच्या दृष्टीने उरते ते नुसते रंगीत पीस.

सॅमनला अर्थात या भानगडीचा पत्ता नाही. कोंबडीचे आणि टर्कीचे पीस रंगवून तीच माशी बांधणारे पुष्कळ आहेत, आणि तो तिलाही तोंड घालतो.

कॅट्स्किलमध्ये गॉर्डनच्या नेव्हरसिंकचा बराचसा काठ आज पाण्याखाली आहे. न्यूयॉर्क शहराच्या नळांसाठी 1953 साली तिथे धरण झाले. पण जवळच्या लिव्हिंगस्टन मॅनर गावी या विद्येचे एक संग्रहालय आहे. तिथे जुन्या उस्तादांच्या माश्या काचेआड मांडल्या आहेत, आणि त्या परिसरातली हौशी मंडळी एकत्र बसून नवशिक्यांना शिकवतात. आता माशी उसवावी लागत नाही. शेजारी बसलेला कोणी पेन्शनर चष्मा कपाळावर सारतो, वाकून बघतो आणि म्हणतो, नेढ्यापाशी जागा ठेव.