फोल्डरच्या पोटातले फोल्डर

बंगळूरच्या घरातल्या छोट्या सर्व्हरवर मी जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन साठवतोय: वर्ष, त्यात मासिक, त्यात पानं. सगळ्याची एकत्र यादी हवी असेल तर पायथनचं 'ओएस डॉट वॉक' वापरा. प्रत्येक फोल्डरपाशी ते पत्ता, आतले फोल्डर आणि आतल्या फाइली हातात देतं आणि तळापर्यंत स्वतःच उतरतं. किती सुरेख! २०१५ च्या ३.५ आवृत्तीत त्याच्या आत 'स्कॅनडिर' आलं. प्रत्येक नावासाठी सिस्टिमला वेगळं विचारणं संपलं आणि लिनक्सवर वेग बराच वाढला. सिम्लिंकच्या, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्याच्या, मागे 'वॉक' आपणहून जात नाही, म्हणून गोल फिरत अडकत नाही.

एक मात्र पाळा: ही यादी वेबपानावर दाखवत असाल, तर ब्राउझरमधून आलेला पत्ता तपासल्याशिवाय 'वॉक'ला देऊ नका, नाहीतर सर्व्हरवरच्या भलत्याच फाइलींची नावं उघडी पडतील.