उंचीची खूण

मुलांनो, नाशिकच्या कालिकादेवीच्या यात्रेत तुम्ही आकाशपाळण्यात बसला असाल. तो यंत्राच्या बळावर फिरत असतो. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या ‘इमॅजिका’ उद्यानातील ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरची रीत मात्र निराळी आहे. साखळी गाडीला सुमारे ४० मीटर उंच ओढून नेते आणि सोडून देते. पुढे इंजिन नाही! उंचीमुळे साठलेली ऊर्जा उतारावर वेगाचे रूप घेते. चढावर त्या वेगाचीच पुन्हा उंची होते. घर्षण व वारा यांपायी काही ऊर्जा खर्च होते. म्हणून पुढचा कोणताही चढ पहिल्याइतका उंच नसतो.

अशा गाडीच्या दाराशी उंचीची खूण असते. ताई आत जाते, आणि धाकटा भाऊ हळूच टाचा उंचावतो! पण हा नियम कोणाला हिणवण्यासाठी नव्हे. आसनावरील अडसर मोठ्या देहाला घट्ट धरतो; लहानग्याचा देह त्यातून निसटू शकतो. टाच उंचावून पहारेकऱ्याला फसविता येईल, गुरुत्वाकर्षणाला नाही. तेव्हा त्या दिवशी बाबांचा हात धरून खालूनच ताईची गंमत पाहावी. खूण तेथेच राहते. आपण मात्र वाढत असतो.